झुंबरबाईचा उजवीकडचा दात

चिंच फोडायला बसलेली बाई गालात चिंच धरते. हे कुणी शिकवत नाही. तोंडाला पाणी सुटत राहतं, घसा कोरडा पडत नाही आणि गप्पा थांबत नाहीत, म्हणून धरायची. बारामतीच्या मार्केट यार्डामागं एका व्यापाऱ्याचं पत्र्याचं गोडाऊन होतं. तिथं माघापासून चैत्र सरेपर्यंत बायकांचं रिंगण बसायचं. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका बाहेर काढायचा आणि गर ढिगावर टाकायचा. जवळच्या सणसर गावची झुंबर त्या रिंगणात पहिल्यांदा बसली तेव्हा परकरात होती, आईच्या मांडीला मांडी लावून. केस पिकले तरी ती बसतच होती. तोवर तिची झुंबरबाई झाली होती, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे दात आंबून जायचे. आंबलेले दात ताळ्यावर यावेत म्हणून गावात परतल्यावर बायका ओट्यावर बसून मिश्री घासायच्या, तीही चांगली खसाखसा. दातांच्या दृष्टीनं याहून वाईट उद्योग माणसाला सुचणं अवघड. दिवसभर आंबटात भिजवून मऊ करायचे आणि मऊ झाल्यावर घासून काढायचे! पण दातांना विचारतो कोण? मिश्रीच्या निमित्तानं आणखी घटकाभर बसायला मिळायचं, त्या गोडीपुढं दातांची काय मातब्बरी.

झुंबरबाईच्या शेजारची जागा शकुबाईची. दोघी एकाच आळीतल्या, एकाच वर्षी लग्न झालेल्या आणि थोड्याफार अंतरानं विधवा झालेल्या. शकुबाई चिंचोके घरी न्यायची, चुलीच्या आरात भाजायची, वरचं काळं साल फोडून काढायची आणि कनवटीला बांधून आणायची. भाजलेला चिंचोका म्हणजे निव्वळ दगड. तो दाढेखाली धरून तासभर चघळायचा, मग कुठं तो थोडा नमतो. "झुंबरे, चावू नगंस, चघळ," असं शकुबाई रोज सांगायची आणि झुंबरबाई रोज चावायची.

मग व्यापाऱ्यानं ती जागा विकली. तिथं आता मंगल कार्यालय आहे. चिंचेची पोती परभारे दुसरीकडं जायला लागली, रिंगण मोडलं. दोन पावसाळ्यांनंतर शकुबाई गेली. दुखणं नाही, खुपणं नाही, दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. तिच्या सुनेनं भांडीकुंडी वाटताना चिंचोक्यांचा एक पत्र्याचा डबा झुंबरबाईच्या हातात दिला. "तुमचं दोघींचं खाणं हाय हे, तुमीच न्या," म्हणाली. झुंबरबाईनं तो फळीवर ठेवला आणि उघडला नाही.

गावाच्या कडेला, उसाच्या अंगाला लागून तिच्या दोन खोल्या. मुलगा इंद्रजित चाकणला कंपनीत. इंद्रजित वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. रविवारी त्याचा फोन यायचाच. "बरी हायेस न्हवं? गोळ्या हायेत का? चल, ठेवतो." यात खोट काढायला जागा नाही. फक्त फोन ठेवल्यावर झुंबरबाई थोडा वेळ तो तसाच हातात धरून बसायची. फोन ही तिच्या लेखी वाजायची वस्तू होती. आपण तो कुणाला करायचा असतो, हे तिच्या डोक्यातही यायचं नाही. लोकांना कामं असतात, आपल्याला काय धाड भरलीय?

त्यात दातांनी दावा साधला. वरचे पुढचे चार दात झिजून आखूड झाले, पिवळे पडले, कडेला काचेसारखे पातळ. थंड पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात. ऊस सोलणं तर कधीच सुटलं होतं. ऊस सोलता येत नाही असं सणसरात म्हणायचं म्हणजे लाजच. ती तोंडावर पदर धरून बोलायला लागली, मग कमी बोलायला लागली आणि मग ओट्यावर बसायचंच सोडलं. आळीतल्या बायका म्हणाल्या, पोरगा कंपनीत लागल्यापासून झुंबरबाईचं नाक वर झालंय. कुणाचं काय आणि कुणाचं काय!

अशात शाळेत दात तपासायचं शिबिर भरलं. झुंबरबाई गेली ती कळ थांबायची गोळी मिळेल म्हणून. खुर्चीशेजारी एक सडपातळ तरुण मुलगी उभी होती, डोळ्यांना भिंगाचा चष्मा. तिनं आरसा तोंडात घातला, वाकून पाहिलं, परत पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"मावशी, असेच दात शोधत होते मी!"

झुंबरबाईला आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण ती खरंच खूश झाली होती. कितीतरी वर्षांत झुंबरबाईला पाहून कुणाला आनंद झाला नव्हता, आणि झाला तो तिच्या दातांना पाहून. तरी तिला बरं वाटलं.

मुलीचं नाव डॉक्टर सुहाना. बारामतीचीच. वडील फारुकभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते वारले, आई सोलापूरला भावाकडं राहायला गेली. सुहाना पुण्यात दातांचं पुढचं शिक्षण घेत होती, एका खोलीत एकटी राहत होती. दर गुरुवारी ती बारामतीला यायची. ओळखीच्या एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातली एक खुर्ची तिला त्या दिवसापुरती दिली होती. आंबटानं झिजलेल्या दातांवर नवा थर चिकटवला तर तो टिकत नाही, निघून येतो. तो टिकवायचा कसा, हा तिचा अभ्यास. तिच्या परीक्षेचा प्रबंधच त्यावर होता.

पहिल्या गुरुवारी सुहानानं समजावून सांगितलं. "चांगल्या दाताला बारीक बारीक छिद्रं असतात, मावशी. चिकटवायचं औषध त्यात शिरतं, मुरतं, मग घट्ट धरतं. तुमचे दात घोटून घोटून गुळगुळीत झालेत. छिद्रं बुजलीत. वर लावलेलं वरच राहतं."

"म्हंजी जुन्या भितीवर गिलावा केल्यावानी. दिवाळीला केला, शिमग्याला पडला."

"अगदी तसंच. मग गवंडी काय करतो?"

"आधी छिन्नीनं टोचून घ्येतो. पाणी मारतो."

"मी पण तेच करणार आहे," सुहाना हसली. "फक्त छिन्नी जरा बारीक आहे माझी."

ठरलं ते असं. डावीकडच्या दोन दातांवर जुन्या पद्धतीनं थर चढवायचा, उजवीकडच्या दोन दातांवर सुहानाच्या पद्धतीनं. कुठला किती टिकतो ते बघायचं. आणखी काही जणांच्या दातांवरही सुहाना हेच करत होती, पण सगळ्यांत जास्त झिजलेले दात झुंबरबाईचेच. फरक सोपा होता. जुन्या पद्धतीत औषध लावायचं, फुंकर मारायची, निळा दिवा धरायचा, झालं. नव्या पद्धतीत दात हलका खरवडायचा, एका पाण्यासारख्या औषधानं धुवायचा आणि मग चिकटवायचं औषध इवल्याशा ब्रशनं चोळत बसायचं. घाई करायची नाही. बुजलेल्या छिद्रांत ते शिरेपर्यंत चोळत राहायचं.

चोळताना सुहानाचा डावा हात झुंबरबाईच्या गालावर टेकलेला असायचा. रबरी मोज्यातून ऊब लागायची. डोळे मिटून पडलेल्या झुंबरबाईनं आठवून पाहिलं, आपल्या गालाला शेवटचा हात कुणाचा लागला होता? आठवेना. मग तिनं आठवायचं सोडलं आणि नुसती पडून राहिली. उजवीकडं हात पुष्कळ वेळ राहिला.

जाताना सुहानानं बजावलं. आंबट बंद, कडक बंद, मिश्री तर साफ बंद. झुंबरबाईच्या बटणांच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला. "हे तीन नंबरचं बटण दाबून धरायचं, मला लागतो. दात दुखला तर करायचा. आणि मी दर सोमवारी करीन संध्याकाळी."

सोमवारी दिवेलागणीला फोन वाजला.

"मावशी, काय खाल्लं आज?"

झुंबरबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं ऐकण्यात काही चुकलं.

"हॅलो? मावशी, जेवणात काय काय होतं?"

"भाकरी," झुंबरबाई म्हणाली. "आन् शेपूची भाजी. मुगाची डाळ घातली व्हती तीत."

"भाकरी गरम होती की शिळी?"

"सकाळची. एकटीसाठी दोनदा कुठं चूल पेटवायची."

"मग दुधात कुस्करून खात जा. थंड पाण्यानं कळ येते का?"

सुहानाला ते अभ्यासासाठी विचारावं लागत होतं. काय खाल्लं, किती कडक, कुठल्या बाजूनं चावलं. ते झुंबरबाईला समजत नव्हतं असं नाही. ती काही खुळी नव्हती. पण आपण काय खाल्लं, हे शकुबाई गेल्यापासून तिला कुणी विचारलं नव्हतं. इंद्रजित गोळ्यांचं विचारायचा. जेवणाचं विचारायचं त्याला सुचायचं नाही.

मग सोमवार हा वाराचा राजा झाला. सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. सांगण्यासारखं काही असावं म्हणून ती सोमवारी मुद्दाम निराळं काही करायला लागली. कधी मेथीचं पिठलं, कधी सांडग्याची आमटी. "सांडगे मऊ शिजवले होते ना?" सुहाना विचारायची. "लोण्यावानी," झुंबरबाई ठोकून द्यायची. एकदा सुहाना म्हणाली, "मावशी, तुमचं ऐकून भूक लागते मला." झुंबरबाई खूप दिवसांनी पदर न धरता हसली. खोलीत बघायला कुणी नव्हतं, तरी हसली.

संक्रांतीच्या सुमाराला डावीकडचा एक थर निघून आला. नुसत्या मऊ भातावर. झुंबरबाईचा जीव धसकला, पण गुरुवारी दवाखान्यात सुहाना जराही चिडली नाही. तिनं भिंगातून पाहिलं, चहूबाजूंनी फोटो काढले, शेजारून चहा मागवला, पुष्कळ वेळ बसवून घेतलं. पुढं डावीकडचा दुसराही निघाला, पुन्हा तेच कौतुक. जुन्या पद्धतीचे हे दोन्ही दात हरले होते. त्यांचा हिशेब संपला म्हणून सुहानानं त्यांनाही आता नव्या पद्धतीनं थर चढवून दिला. पुन्हा तो गालावरचा हात.

उजवीकडचे दोन मात्र ढिम्म हलले नाहीत. शिमगा आला, गेला. थंड पाणी विनातक्रार पोटात जायला लागलं.

एका गुरुवारी सुहानानं नीट तपासलं आणि टाळीच वाजवली. "पक्के बसलेत, मावशी! आता दर आठवड्याला तुम्हाला त्रास नाही. माझे फोनही बंद. आता एकदम पावसाळा संपल्यावर या."

झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिनं नमस्कार केला, एसटीत बसली. लासुर्ण्याच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, गाडी त्यांच्यामागं रखडत होती. त्या उशिराबद्दल गाडीतले सगळे कुरकुरत होते. तिला कसली घाई नव्हती.

पुढच्या सोमवारी तिनं थालीपीठ लावलं. दिवेलागण झाली, कारखान्याचा भोंगा झाला. फोन वाजला नाही. वाजणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं तो चार्जिंगला आहे ना ते दोनदा पाहिलं. थालीपीठ गार झालं. ते तिनं तसंच झाकून ठेवलं.

मनात काय आलं हे झुंबरबाईला नंतर नीट सांगता आलं नाही. पण एका संध्याकाळी तिनं फळीवरचा शकुबाईचा डबा उतरवला, झाकण उघडलं, एक चिंचोका घेतला आणि दाढेखाली न धरता पुढच्या उजव्या दाताखाली धरला. दाबला. चिंचोका हलला नाही, दातही हलला नाही. सुहानाचं काम खरंच पक्कं होतं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या संध्याकाळी तर तिला शकुबाई दारात उभी असल्यासारखी वाटली. "झुंबरे, चावू नगंस." झुंबरबाईनं डोळे मिटले आणि सगळा जोर लावला.

कट्ट झालं. चिंचोका सुटून चुलीपाशी गेला आणि जिभेवर दाताचा टवका आला. तिनं तो तळहातावर घेऊन पाहिला, फडक्यात बांधला. लगेच तिला भीती वाटली आणि लगेच बरंही वाटलं. गुरुवार दोनच दिवसांवर होता.

झुंबरबाईला दारात पाहताच दाताचं काही बिनसलंय हे सुहानाला कळलं असावं. तोंडात आरसा घालून ती बराच वेळ वाकून राहिली.

"उजवीकडचा," एवढंच म्हणाली. मग नेहमीचा प्रश्न विचारला. "काय खाल्लं होतं, मावशी?"

"भाकरीच," झुंबरबाई म्हणाली. "मऊ. दुधातली."

"आणि निघालेला तुकडा?"

"पोटात गेला."

सुहानानं पुन्हा विचारलं नाही. मावशी म्हणतात ते खरं, असं तिनं धरलं. झुंबरबाईला वाटलं होतं ती खोदून विचारील, दरडावील. त्याची तिनं तयारी केली होती. विश्वासाची तयारी तिनं केली नव्हती. सुहानानं दात परत खरवडला, धुतला, चोळत बसली. हात गालावर तसाच होता, पण आज झुंबरबाईला डोळे मिटवेनात.

चहा आला. सुहानानं स्वतःचा कप भरला नाही. बिस्किटाचा पुडा फोडून तसाच ठेवला आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन पुण्याच्या आपल्या सरांना फोन लावला. दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"सर, उजवीकडचा पण गेला... हो, मऊ भाकरीवर... दाताचा थोडा भागही गेल्यासारखा वाटला, पण झिजलेला दात, काय सांगणार... हो सर. म्हणजे पद्धतच धरत नाही असं म्हणावं लागेल... हो, लिहिते तसं."

ती आत आली तेव्हा तिनं तोंडावर पाणी मारलं होतं. "सोमवारी करते फोन, मावशी," म्हणाली. "आता परत सुरुवातीपासून लक्ष ठेवायला लागेल."

झुंबरबाईला जे हवं होतं ते पदरात पडलं होतं. घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली ती दिवा लावायचंही विसरली.

सोमवारी फोन वाजला. "काय खाल्लं, मावशी?" आवाज दमलेला, विझलेला. झुंबरबाईनं त्या दिवशी काहीच रांधलं नव्हतं. "भाकरी," ती म्हणाली. पलीकडं सुहानानं गरम की शिळी, तेही विचारलं नाही. ज्या फोनसाठी एवढं केलं, तो आज कधी एकदा ठेवतेय असं तिला झालं.

गुरुवारी ती पहिल्या एसटीनं गेली आणि दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर बसून राहिली. सुहाना आल्यावर तिच्यामागं आत गेली, पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"ह्ये खाल्लं," ती म्हणाली.

सुहानानं झाकण उघडलं. एक चिंचोका बोटांत घेऊन दाबून पाहिला. "हे? दातानं?"

"तुझं औषिद पडलं न्हाय, पोरी. म्या पाडलं. तीन सांजा खपत व्हते, तवा कुठं निघालं."

"का?"

झुंबरबाईनं वाटेत बरंच काही ठरवलं होतं. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं.

"पक्कं बसलं म्हनून तू फोन करायची न्हाईस," ती म्हणाली. "तू इचारायचीस काय खाल्लं म्हनून. मला कुनी इचारत न्हाय."

सुहाना खुर्चीवर बसली. हातातला चिंचोका तिनं डब्यात परत टाकला. बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. "मावशी, मी सगळं परत करायला काढलं होतं. सरांना सांगितलं, माझं चुकलं म्हणून. दोन वर्षं खपलेय मी याच्यावर. रडले मी त्या दिवशी. तुम्हाला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. जीभ उचलली न्हाय."

"मी चिडलेय तुमच्यावर. फार चिडलेय."

"चिड की. चिडायचीच गोष्ट हाय."

मग झुंबरबाईनं पदराच्या गाठीतलं फडकं सोडलं आणि टवका पुढं केला. "ह्यो बी पोटात गेला न्हवता."

सुहानानं तो चिमट्यानं उचलला. भिंगाखाली धरला, उजेडाकडं फिरवला, पुन्हा धरला. तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"सुटलंच नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "मावशी, हे बघा. थराला तुमच्या दाताचा पापुद्रा चिकटून आलाय. दात तुटला, पण चिकटलेलं सुटलं नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "चिंचोक्यानं सुद्धा सुटलं नाही!"

झुंबरबाईला त्यातलं सगळं समजलं नाही, पण पोरीचा चेहरा शिबिरातल्यासारखा झाला होता, तेवढं तिला पुरलं.

हसू ओसरल्यावर सुहानानं पुढचं सांगितलं, आणि सांगताना ती झुंबरबाईकडं बघत नव्हती. सरांना सगळं खरं कळवावं लागणार होतं. मुद्दाम तोडलेला दात अभ्यासात धरता येत नाही. झुंबरबाईचं नाव त्यातून कमी होणार होतं. दात बिघडला तर या, मी बघीनच, पण आता नेमानं फोन नाही, तपासणी नाही.

"बरोबर हाय," झुंबरबाई म्हणाली. डबा तिनं पिशवीत टाकला आणि एसटी स्टँडकडं चालायला लागली.

चैत्र गेला, वैशाख तापला. दात पक्के होते, चारही. ती माठातलं गार पाणी घटाघटा प्यायची. एके दिवशी बांधावर कुणीतरी उसाचं कांडं दिलं. तिनं ते घरी आणून सुरीनं सोललं आणि बारीक गंडेऱ्या करून मागच्या दाढेनं चावल्या. पुढच्या दातांना लागू दिलं नाही. ओट्यावरही ती पुन्हा जाऊन बसायला लागली होती, पण तिथं आता बायका आपापल्या मोबाइलमध्ये मालिका बघायच्या. तीही शेजारी बसून थोडा वेळ दुसरीच्या मोबाइलमध्ये बघायची आणि उठून यायची.

सोमवार यायचे नि जायचे. अशाच एका सोमवारी तिनं मुगाची आमटी केली, ताट वाढून घेतलं आणि पहिल्याच घासाला थांबली. तिला ते टेबलावरचं बिस्किट आठवलं, पुडा फोडून तसंच ठेवलेलं. त्या पोरीनं दवाखान्यात कधी काही खाल्लेलं तिनं पाहिलंच नव्हतं. "तुमचं ऐकून भूक लागते," म्हणाली होती. सोमवारामागून सोमवार आपण आपलं ताट तिला वाचून दाखवलं, आणि तिच्या ताटात काय आहे हे एकदाही विचारलं नाही. झुंबरबाईला स्वतःचाच राग आला.

तिनं हात धुतला. फोन घेतला. दात दुखला तर करायचा, असं सांगितलं होतं. दात दुखत नव्हता. तिनं तीन नंबरचं बटण दाबून धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती आपण होऊन कुणाला फोन लावत होती, आणि फोन छातीशी धरावा की कानाशी, हेही क्षणभर तिला समजेना.

"मावशी?" पलीकडून घाबरा आवाज आला. "काय झालं? दुखतोय का दात?"

"न्हाय. दात पक्का हाय."

"मग?"

"तू काय खाल्लंस आज?"

पलीकडं काहीच ऐकू येईना. झुंबरबाईला वाटलं, फोन तुटला. तिनं तो कानापासून काढून पाहिला, उजेड होता. पुन्हा कानाला लावला.

"वडापाव," सुहाना म्हणाली. "दुपारी."

"बरं."

"नाही, मावशी." तिनं लगेच सुधारलं. "खोटं बोलले. काहीच नाही खाल्लं."

"घरात काय हाय?"

"तांदूळ आहेत. डाळ असेल थोडी."

"मग ऊठ," झुंबरबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "डाळ धुवून घ्ये. म्या फोन धरून बसते हितंच."